सावलीतलं काम

अण्णांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली ती अकरा जानेवारीला, सकाळी साडेनऊच्या सुमारास. तारीख आणि वेळ मला नक्की माहीत आहे, कारण त्याच संध्याकाळी मी ती लिहून ठेवली.

संक्रांतीच्या आधीचे दिवस. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात गुळाच्या गाड्या एकामागून एक लागत होत्या आणि अण्णांची टोळी त्या रिकाम्या करत होती. माझे वडील उत्तरेश्वर धाराशिवकडच्या गावातून पुण्यात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून ते याच टोळीत आहेत, आठ हमालांच्या. त्या सकाळी ओझं घेऊन गाळ्याच्या पायऱ्या चढताना छातीच्या मधोमध कुणी मूठ दाबून धरावी तसं झालं. त्यांनी ओझं उतरवलं, टेकले. पाचेक मिनिटांत मूठ सुटली आणि ते परत कामाला लागले.

हे त्यांनी सांगितलं नसतंच. जेवताना हात छातीकडे गेला आणि आईने पाहिलं.

"चमक भरलीय," अण्णा म्हणाले.

"पित्त हाय ते," आई म्हणाली. "रिकाम्या पोटी चार-चार चहा ढोसायचे, अन् वर म्हणायचं चमक भरली." ती ओवा आणायला उठली.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणाले.

"एवढ्यावरून? काय सांगू डॉक्टरला, एकदा दुखलं अन् थांबलं?"

मला हे पटलं. आज आठवलं की याचंच वाईट वाटतं. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलंय आणि कोंढव्यातल्या एका प्रयोगशाळेत वजनकाटे तपासण्याचं काम करते. आमच्याकडे एका मोजणीवरून कुणी काही बोलत नाही. तेच वजन काट्यावर दहा वेळा ठेवायचं, दहाही आकडे लिहायचे आणि मग मत द्यायचं. सवयीने मी एक दोनशे पानी वही काढली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, त्या वेळी काय करत होते, कळ किती मिनिटं राहिली, कशाने थांबली, आधी काय खाल्लं होतं. स्नायू, पित्त की हृदय, हे रोजच्या नोंदींतून आपोआप वेगळं होईल असं मला वाटत होतं. पित्त असलं तर खाण्याशी मेळ बसेल. हृदय असलं तर श्रमांशी.

रोज संध्याकाळी अण्णा हातपाय धुऊन बसले की मी विचारायचे, "आज किती वेळा?"

"चार."

"कधी-कधी? काय करत होता?"

"काम."

मी लिहायचे, काम.

जानेवारीत रोज चार, कधी पाच. सगळ्या कामाच्या वेळी, सगळ्या टेकल्यावर थांबलेल्या. रविवारी बाजार बंद, रविवारी एकही नाही. खाण्याशी काही मेळ नव्हता. मी हृदयरोगाच्या डॉक्टरांची तीन फेब्रुवारीची वेळ घेतली. अण्णा कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

आणि त्याच आठवड्यात कळा एकदम कमी झाल्या. सोमवारी दोन, मंगळवारी एक, बुधवारी एक, गुरुवारी शून्य. मी आलेख काढला. डावीकडे उंच, मग सरळ खाली येणारी रेघ. एक तारखेला मी दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली.

"तुझ्या वहीनंच पळवलं दुखणं," अण्णा म्हणाले. शेजारच्यांनाही त्यांनी ती वही दाखवली. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायचं नव्हतं, पण माझं अक्षर दाखवायचं होतं.

फेब्रुवारीत आई एका वेगळ्याच गोष्टीवर चिडचिड करत होती. "भाकरी गार झाली म्हणून मला बोलायचं न्हाई. बसमधनं उतरलो म्हणून फोन करता अन् येता कवा?" अण्णा हसून गार भाकरी दुधात कुस्करायचे. मी समोर बसून त्या दिवशीच्या रकान्यात शून्य भरायचे.

वीस फेब्रुवारीला, गुरुवारी, एका व्यापाऱ्याच्या काट्याचं प्रमाणपत्र पोचवायला मी मार्केट यार्डात गेले होते. अकरा वाजले होते. काम पाच मिनिटांत झालं, म्हणून अण्णांच्या गाळ्याकडे वळले. तिथे ज्वारीची गाडी लागली होती. गाडीवाल्याची दोन माणसं वरून पोतं मागच्या फाळक्यापर्यंत ओढून देत होती, खाली एकेक जण पाठ लावत होता, पोतं घेऊन आत जात होता आणि थप्पीवर टाकून रांगेत परत येत होता. अण्णा त्यांच्यात नव्हते.

ते कडुनिंबाखाली बसले होते. मांडीवर फाटकं पोतं, हातात दाभण आणि सुतळी. पोत्याची उसवलेली तोंडं शिवत होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी हाक मारणार होते, पण आधी नुसती उभी राहिले. काहीही हलताना दिसलं की मोजायचं, ही माझी खोड आहे.

रांगेत सात माणसं होती. सातवा आत गेला की पहिल्याने यायला हवं. तसं होत नव्हतं. सातव्यानंतर लाल टॉवेलवाला, जो मधेच कुठेतरी होता, तो रांग सोडून पुढे आला, एक जादा पोतं घेऊन गेला, आणि मगच पहिल्याची पाळी लागली. पुढच्या फेरीत सातव्यानंतर एक जाडसर माणूस आला. त्याच्या पुढच्या फेरीत तिसराच कुणी. मी पाच फेऱ्या मोजल्या. प्रत्येक फेरीत आठ पोती जात होती, आणि आठवं पोतं दर वेळी वेगळी पाठ घेत होती. कुणी कुणाला सांगत नव्हतं.

"काय गं पोरी, इकडं कुठं?" सर्जेरावकाका जवळ आले. ते टोळीचे मुकादम, लोणी काळभोरचे. साठी उलटली तरी त्या रांगेत तेही होते. टॉवेलने मान पुसत उभे राहिले.

"काका, अण्णांची पाळी?"

"चाललीय की."

"ते तर तिकडे बसलेत."

"मंग? पाळी चुकली का एक तरी? मगापासनं तूच मोजतीयास, मला काय दिसत न्हाई व्हय."

 त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि आवाज खाली आणला. "आमच्यात कुणाला आजारी म्हनत न्हाईत. कुणाची कंबर धरली, कुणाला ताप आला, तर सावलीला बसवायचं. दाभण द्यायचं हातात. त्याची पाळी बाकीचे फिरवून घेत्यात. माझी बी घेतलीय एकदा, तुझ्या बापानं. दोन महिने."

"अण्णा कधीपासून बसलेत?"

"संक्रांत झाली, त्याच्या दुसऱ्या सोमवारपासनं. पायरीवर असा पांढरा पडला, म्हनलं बास."

सत्तावीस जानेवारी. माझी रेघ जिथून खाली यायला लागली होती, तो दिवस.

"मग काका, डॉक्टरकडे का नाही पाठवलंत?"

काकांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मी म्हनलं की त्याला. तर म्हनला, पोरगी बघतीय. रोज वहीत लिहितीय, शिकलेली हाय, आता बरं होतंय म्हनती. मंग आमी काय बोलनार?"

मला त्यांच्याकडे बघवेना. कडुनिंबाकडे पाहिलं. अण्णा दाभण पोत्याला खोचून उठले आणि पाण्याच्या टाकीकडे निघाले. साठ-सत्तर पावलं असतील, सपाट जागा. निम्म्यावर ते थांबले. एका हाताने शेडचा खांब धरला आणि गाडीचा नंबर वाचत असल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. माझी नजर घड्याळावर गेली. तीन मिनिटं. मग ते चालू लागले.

मी त्यांना न भेटताच निघाले. प्रयोगशाळेत काट्यांसमोर बसून राहिले, पण त्या दुपारी एकही काटा तपासला नाही. 'काय करत होते' या रकान्यात मी चाळीस दिवस 'काम' लिहीत होते. पन्नास किलोचं पोतं उचलणं हेही काम आणि सुतळी ओवणं हेही काम. वजनं तपासून ज्या मुलीचं घर चालतं, तिने वजन लिहिलं नव्हतं. दुखणं कमी झालेलं नव्हतं. ओझं कमी झालं होतं. आणि ओझं जवळजवळ शून्यावर आल्यावरही सपाट जमिनीवर तीस-पस्तीस पावलांत त्यांना खांब धरावा लागत होता.

चार वाजताच घरी आले. आम्ही अप्पर इंदिरानगरात राहतो. बसच्या थांब्यापासून घरापर्यंत सरळ चढ आहे.

"आई, अण्णांचा उतरलो म्हणून फोन आल्यावर तू किती भाकरी करतेस?"

"तीन. का?"

"आधी ते कधी पोचायचे?"

"तिसरी तव्यावर असायची." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आता तिन्ही होतात. तवा उतरवते, कट्टा पुसते, तरी यायचा पत्ता न्हाई. मला वाटलं खाली कुणाशी बोलत बसत असतील."

तोच माणूस आणि तोच चढ. पाठीवर काही नाही. मला हवी होती तशी मोजणी माझ्या घरात रोज होत होती आणि मी ती गार भाकरीची तक्रार समजून सोडून दिली होती.

साडेसहाला फोन आला. आईने तवा ठेवला. मी थांबले नाही, चप्पल घालून खाली निघाले. निम्म्या चढावर पिठाच्या गिरणीची पायरी आहे. अण्णा तिच्यावर बसले होते, डबा मांडीवर, हात डब्यावर. मला पाहून उठायला लागले.

"बसा," मी म्हणाले आणि शेजारी बसले. गिरणी चालू होती. पायरी हलत होती.

"आज मी बाजारात आले होते अण्णा. अकरा वाजता."

त्यांनी डबा दुसऱ्या मांडीवर घेतला. मग म्हणाले, "सर्जेराव बोलला वाटतं."

"मी मोजलं. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलं न्हाईस. किती वेळा दुखलं इचारायचीस. मी खरंच सांगत होतो. एक म्हणजे एकच. भरून आलं की कळ यायच्या आधीच टेकायचो, ती कशी मोजू?"

ते खरं होतं. त्यांनी एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

"आपण डॉक्टरकडे जाऊ. आत्ता."

"डॉक्टर काय म्हणणार ते मला बी माहितीय. वजन उचलू नका. लिहून देणार." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "सावलीला बसलेला माणूस टोळीत असतो, श्रद्धे. त्याची पाळी चालू असती. आज ना उद्या उठंल म्हणून. एकदा कागदावर आलं की हा आता उचलणारच न्हाई, मग कशाची पाळी? मग त्यांनी माझं पोतं कशाला उचलायचं? मग मी तिथं कोण? घरी बसून तुझ्या आईच्या शिव्या खाणारा."

"त्या तर आत्ताही खाताय."

ते जरासे हसले. हसताना हात परत छातीकडे गेला. बसलेले असताना.

त्यांना पटवायला मी दुपारभर मुद्दे जुळवले होते. रक्तवाहिन्या, श्रम, प्राणवायू. त्यातला एकही मला तेव्हा सांगावासा वाटला नाही.

"अण्णा, माझ्या वहीत चूक आहे," मी म्हणाले. "मी वजन लिहिलंच नाही. तुम्ही काय उचलत होता ते न लिहिता नुसत्या कळा लिहिल्या. त्यामुळे बरं होतंय असं दिसलं. बरं होत नव्हतं. मी ते सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी खरं धरलं. तुम्ही, आई, सर्जेरावकाका. तीन तारखेची वेळ मी रद्द केली, तीही त्याच्यावरच."

त्यांनी मान वळवली. आता ते माझ्याकडे बघत होते, पण बापासारखे नाही. बाजारातल्या माणसासारखे.

"म्हणजे काटा खोटा निघाला," ते म्हणाले.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

गिरणीवाल्याने डबा बदलला. आवाज मधेच खाली गेला आणि पुन्हा चढला. अण्णा जेवणाच्या डब्याच्या कडीशी खेळत होते. बाजारात काटा खोटा निघाला की त्यावर त्या दिवशी तोललेला सगळा माल परत तोलतात. गाडी भरलेली असली तरी उतरवतात. हमालांची दुप्पट मेहनत होते, पण तिथे वाद घालताना मी कुणाला ऐकलं नाही. अण्णांनी माझ्या लहानपणी मला हे किती वेळा सांगितलं असेल. मी या कामाला लागले तेही त्यामुळेच असावं.

"मग परत तोलावं लागंल," ते म्हणाले.

"हो."

"सकाळी जाऊ. भाकरी गार होतील."

"झाल्या असतील."

ते उठले. आम्ही चढ चढलो नाही, खाली उतरलो. एकेक पाऊल. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली.

दवाखान्यात पावणेआठला पोचलो. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आधी अण्णांना झोपवलं, शर्ट काढायला सांगितला. खिशातून दाभण निघालं, सुतळीच्या गुंडाळीत खोचलेलं. ते बाईंनी माझ्या हातात दिलं. छातीवर तारा लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली. बाई ती वाचत असताना मी त्यांचा चेहरा वाचत होते, पण तिथे काही कळलं नाही.

"किती दिवस दुखतंय?"

मी वही पुढे केली. त्यांनी दोन पानं उलटली, आलेख पाहिला, मग पुन्हा पहिल्या पानावरची तारीख पाहिली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी वही हळूच टेबलावर ठेवली आणि अण्णांकडे वळल्या.

"काका, काम काय करता?"

"हमाल. मार्केट यार्डात."

"म्हणजे अजून ओझं उचलता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकत होते. 

"न्हाई," ते म्हणाले. घसा साफ केला. "पंचवीस दिवस झाले, एक बी पोतं उचललं न्हाई मी. नुसता बसून असतो. माझी पाळी बाकीची माणसं उचलतात. अन् बसून असलो तरी आता दुखतं."

बाई लिहीत होत्या. अण्णा झोपल्या-झोपल्या मान उचलून त्या पेनाकडे बघत होते, ते थांबेपर्यंत.

"लिहिलं?"

"लिहिलं काका."

त्यांनी मान खाली टेकवली.

बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पट्टीत बदल दिसताहेत, आज घरी सोडता येणार नाही, सकाळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करावी लागेल. आणखी आठवडाभर थांबला असतात तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी ते पुरं करायला सांगितलं नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "भाकऱ्या फडक्यात बांधून आणते," आणि मग फोन न ठेवता रडायला लागली.

सकाळी तपासणी अकराला ठरली. साडेसातला अण्णा म्हणाले, "दाभण टोळीचं हाय. सर्जेरावाला नेऊन दे." आणि मी निघताना मागून म्हणाले, "त्याला म्हणावं, माझी पाळी मोजू नका आता. कागदावर आलंय."

मी गेले. गाडी नुकतीच लागत होती, तांदळाची. मी दाभण काकांच्या हातात दिलं, काय झालं ते सांगितलं आणि निरोपही, अण्णांच्या शब्दांत, एकही न गाळता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दाभण कडुनिंबाच्या बुंध्याशी सुतळीच्या डब्यात ठेवलं.

"त्याला म्हनावं, पाळी मुकादम ठरवतो," ते म्हणाले. "हमालानं सांगायचं नसतं. आन् डॉक्टरनं तर न्हाईच न्हाई."

"काका, ते कदाचित कधीच..."

"कळतंय मला. कुठवर मोजायची ते बी आमी बघू. रोज न्हाई जमायचं, हे त्याला बी माहितीय. आज तरी चालू हाय. तू जा, अकराला पोच तिथं."

ते जाऊन रांगेत उभे राहिले. फाळका खाली पडला. मला उशीर होत होता, पण मी एक फेरी थांबले. सातवा माणूस आत गेला. क्षणभर फाळक्याशी कुणीच नव्हतं. मग काका स्वतःच पुढे झाले आणि त्यांनी पाठ लावली.

वही पिशवीतच होती. रिक्षात बसल्यावर मी एक नवा रकाना आखला आणि पहिल्यांदा वजन लिहिलं. पन्नास किलो. कुणी उचललं तेही लिहिलं.